पुराआधीची बेगमी: चार माणसांचं घर दहा दिवस कसं चालवायचं

कोकणात पावसाळ्याआधी आगोट भरायची रीत आहे. तांदूळ, डाळी, कडवे वाल, सुकी मासळी, आमसुलं, पापड आणि लाकूडफाटा घरात आला की मृगाला घर निर्धास्त. घाटावरही वर्षाचं धान्य एकदम भरणारी घरं अजून पुष्कळ आहेत. त्यामुळे साठा करणं ही आपल्याला कुणाकडून शिकायची गोष्ट नाही. अडचण वेगळीच आहे. आजची आगोट चार गोष्टींच्या भरवशावर असते: गिरण चालू आहे, नळाला पाणी आहे, शेगडी पेटते आहे आणि तळमजला कोरडा आहे. पूर आला की या चारही एका रात्रीत जातात, आणि कणगीत क्विंटलभर गहू असूनही मुलांच्या हातात द्यायला काही नसतं.

म्हणून साठ्यातल्या प्रत्येक वस्तूला चार प्रश्न विचारा. वीज नसेल तर ही खाता येईल का? पाणी कमी असेल तर? गॅस नसेल तर? आणि ही वर कोण नेणार? पुढची सगळी मापं चार माणसांच्या घरासाठी आणि दहा दिवसांसाठी आहेत. घरात सहा जण असतील तर दीडपट धरा.

आधी आपला पूर ओळखा

सगळे पूर सारखे नसतात, आणि साठा त्याप्रमाणे बदलतो. पंचगंगा आणि कृष्णा हळूहळू चढतात. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ हेच आकडे ४० आणि ४५ फूट आहेत. पाणी इंचाइंचाने वाढतं, त्यामुळे तयारीला बहुधा दिवस-दोन दिवस मिळतात. पण एकदा आलेलं पाणी लवकर हलत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये ते दिवसचे दिवस तुंबून राहिलं, पुणे-बंगळुरू महामार्ग बंद पडला आणि माल भरलेले ट्रक रस्त्यावर अडकले. नदीकाठची उपसा केंद्रं बुडाल्यामुळे कोल्हापुरात चहूकडे पाणी आणि नळ मात्र कोरडे, अशी गत झाली. इथे पिण्याचं पाणी आणि दिवस पुरवणारा शिधा महत्त्वाचा.

कोकणात उलट. वाशिष्ठी, सावित्री, जगबुडी या घाटातून झपाट्याने उतरणाऱ्या नद्या. घाटमाथ्यावर रात्रभर कोसळलं आणि त्यात भरतीची वेळ जुळली की काही तासांत बाजारपेठेत पाणी. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाडमध्ये लोकांना सामान आवरायलाही सवड मिळाली नाही. पाणी त्या मानाने लवकर ओसरतं, पण मागे चिखल, बंद वीज आणि उद्ध्वस्त दुकानं राहतात. इथे साठा आधीपासूनच वर असला पाहिजे. पाणी दारात आल्यावर डबे उचलू, हा हिशोब कोकणात चालत नाही.

तिसरा प्रकार किनाऱ्यावरच्या वादळाचा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पत्रे उडाले, पोफळी-माडाच्या बागा झोपल्या आणि कित्येक गावांत वीज यायला आठवडेच्या आठवडे लागले. तिथे अन्नाइतकीच ताडपत्री, दोरी आणि उजेडाची सोय लागते.

अरबी समुद्रातली वादळं मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. तौक्ते २०२१ मध्ये मेच्या मध्यालाच कोकण किनाऱ्याजवळून गेलं. तेव्हा मृगाची वाट पाहू नका, १० मेपर्यंत साठा जागेवर हवा.

पहिले तीन दिवस: चुलीशिवाय

हा साठ्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि नेमका तोच घराघरांतून नसतो. पाणी चढत असताना कुणी स्वयंपाक करत नाही. सिलिंडर बंद करून बांधलेला असतो, माणसं माळ्यावर किंवा शेजाऱ्याच्या गच्चीवर दाटीवाटीने बसलेली असतात. हातात घेऊन खाता येईल असंच अन्न तेव्हा कामाचं.

चौघांसाठी तीन दिवसांना: पोहे २ किलो, गूळ १ किलो, शेंगदाणे १ किलो, फुटाणे १ किलो, सातूचं पीठ अर्धा किलो, खजूर अर्धा किलो, दूध पावडर अर्धा किलो. याच्या सगळ्या मिळून साधारण २५ हजार कॅलरी होतात, म्हणजे माणशी दिवसाला दोन हजारांच्या आसपास. मुलांसाठी बिस्किटांचे काही पुडे त्यावर ठेवा. भुकेपेक्षा धीर देण्यासाठी ते उपयोगी पडतात.

पोहे घेताना पातळ घ्या. जाड पोह्यांना भिजवणीला पाणी जास्त लागतं आणि ते कच्चे नीट लागत नाहीत. पातळ पोह्यांवर पाण्याचा हबका मारून तेल, तिखट, मीठ आणि मेतकूट घातलं की पाच मिनिटांत जेवण. कांदा असला तर उत्तमच. सातूचं पीठ गुळाच्या पाण्यात कालवलं तर म्हाताऱ्या माणसांना चावावंही लागत नाही.

शेंगदाणे कच्चे साठवा, भाजून नको. भाजलेले दाणे पावसाळी हवेत दोन-तीन महिन्यांत खवट होतात. कच्चे, कोरडे दाणे हवाबंद डब्यात हंगामभर टिकतात. इशारा आला की ते भाजायचे. दाण्यांवर हिरवट-काळी बुरशी दिसली तर धुऊन, निवडून वापरू नका, तो सगळा डबा टाका. या बुरशीचं विष यकृताला घातक असतं आणि भाजण्याने ते पुरतं जात नाही.

सोलापूरकडची कडक भाकरी या कामाला फार चांगली. ज्वारीची किंवा बाजरीची पातळ भाकरी पुरती वाळवून कडक केलेली असते, हवाबंद ठेवली तर महिना-दोन महिने सहज राहते. शेंगदाण्याची चटणी आणि थोडं तेल, एवढ्यावर जेवण होतं. वीस-पंचवीस भाकऱ्यांचा एक गठ्ठा पत्र्याच्या डब्यात ठेवला तर पोह्यांवरचा भार कमी होतो. निघण्याआधी एक दिवसाची सवड असेल तर दशम्या करा. दुधात भिजवल्यामुळे त्या दोन-तीन दिवस मऊ राहतात.

पुढचे सात दिवस: एका भांड्यातला स्वयंपाक

तांदूळ ७ किलो, मूगडाळ २ किलो, तूरडाळ १ किलो, कणीक किंवा ज्वारीचं पीठ ३ किलो, तेल १ लिटर, साखर किंवा गूळ १ किलो, मीठ १ किलो, तिखट-हळद-गोडा मसाला लहान डब्यांत, चहा पाव किलो. कॅलरींचा हिशोब ५५ हजारांच्या थोडा वर जातो, तोही माणशी दिवसाला दोन हजार. सोबत आमसुलं, कांदे-बटाटे तीन-तीन किलो, लोणच्याची बरणी, पापड आणि सांडगे.

मूगडाळ तुरीच्या दुप्पट ठेवायचं कारण इंधन. मूग लवकर शिजतो आणि पोटाला हलका असतो. राजमा, छोले, अख्खे वाल हे आगोटीला शोभतात, पण पुरात ते भिजवायला पाणी मागतात, शिजायला गॅस मागतात. त्यांना या डब्यात जागा नाही.

आता पिठाची गोष्ट. धान्य भरून ठेवलं आणि गिरण बंद, ही चूक जवळजवळ प्रत्येक पुरात दिसते. गावातली गिरण बहुधा बाजारात, म्हणजे सखल भागातच असते, ती आधी बुडते. घरात चालतं जातं असेल तर प्रश्न नाही. नसेल तर तीन किलो पीठ कायम दळलेलं हवं. गव्हाची कणीक महिना-दीड महिना बरी राहते, ज्वारीचं पीठ त्याहून कमी. बाजरीचं पीठ तर साठवूच नका, काही दिवसांत ते कडू होतं. सोपा उपाय म्हणजे हे तीन किलो रोजच्या वापरातूनच फिरतं ठेवायचं: नवं पीठ आलं की ते राखीव डब्यात, आणि राखीव डब्यातलं रोजच्या डब्यात.

तांदूळ पॉलिश केलेला साठवा. हातसडीचा चवीला आणि अंगाला चांगला, पण त्यातल्या कोंड्याचं तेल खवट होतं. उकडा तांदूळ मात्र चांगला टिकतो, कोकणातल्या घरांनी तोच ठेवावा.

कीड, वाफ आणि उंदीर

साठा बिघडतो तो बहुतेक वेळा भरतानाच. धान्याला कडक ऊन दाखवायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण गरम धान्य तसंच डब्यात भरलं की आत वाफ धरते, झाकणाला घाम येतो आणि पंधरा दिवसांत बुरशीचा वास सुटतो. उन्हातून आणलेलं धान्य सावलीत पसरा, रात्रभर पुरतं निवू द्या आणि सकाळी कोरड्या हवेत भरा. डबा काठोकाठ भरा. जितकी हवा कमी, तितकी कीड कमी.

डाळींना एरंडेलाचा पुसट हात लावला तर भुंगे धरत नाहीत. हात तेलकट व्हावा इतपतच, डाळ ओली होता कामा नये. तांदळात कडुनिंबाचा पाला घालायचा तर तो सावलीत खडखडीत वाळलेलाच घाला. ओला पाला घालून ओलावा आपणच आत सोडतो.

सेल्फॉससारख्या धान्याच्या गोळ्या राहत्या घरात कधीही ठेवू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो. पावसाळ्यात बंद खोली, शेजारी झोपलेली मुलं आणि डब्यात ती गोळी, यातून माणसं दगावली आहेत. या गोळ्या गोदामासाठी असतात, घरासाठी नाहीत.

डबे पत्र्याचे किंवा स्टीलचे घ्या, घट्ट झाकणाचे. पूर आला की उंदीरही आपल्यासारखेच वर चढतात, आणि प्लास्टिकची पिशवी किंवा तेलाचं पाकीट त्यांना एका रात्रीचं काम. तेल कॅनमध्ये किंवा बाटलीत घ्या आणि ती बाटली पत्र्याच्या डब्यात ठेवा. गूळ पावसाळी हवेत पाझरतो, म्हणून काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत, तोंड घट्ट बंद करून ठेवा. काडेपेट्या कोरड्या प्लास्टिकच्या बाटलीत बूच लावून ठेवा, सोबत एक लायटर.

निळी पिंपं पाण्याला आणि धान्याला दोन्हींना छान, पण ती नवी किंवा खाद्यपदार्थांचीच असावीत. औद्योगिक वसाहतीतून निघालेली रसायनांची पिंपं भंगारात स्वस्त मिळतात. कितीही धुतली तरी प्लास्टिकमध्ये मुरलेलं रसायन निघत नाही.

सुकी मासळी ठेवणाऱ्यांना एक सूचना. सुकट आणि बोंबील ओलावा ओढून घेतात. मेमध्ये पुन्हा एकदा उन्हात घालून, निवल्यावर दोन पदरी पिशवीत आणि मग डब्यात भरा. डबा धान्यापासून लांब ठेवा.

पाणी

अन्न कमी पडलं तर माणूस निभावतो, पाण्याचं तसं नाही. पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून माणशी रोज चार लिटर धरा. चौघांना दहा दिवस म्हणजे १६० लिटर, म्हणजे वीस लिटरचे आठ कॅन. भरलेला कॅन वीस किलोचा होतो, तेव्हा जो उचलणार त्याची ताकद पाहून काही कॅन दहा लिटरचे घ्या. ते वर नेऊन मगच भरता आले तर सर्वांत बरं.

गच्चीवर टाकी असेल तर इशारा मिळताच, वीज आहे तोवर, पंप लावून ती काठोकाठ भरा. हजार लिटरची टाकी चौघांना पिण्या-स्वयंपाकाला दोन महिने पुरेल इतकी असते, फक्त तिचा नळ शौचालयाला जोडलेला असल्यामुळे ती दोन दिवसांत रिकामी होते. म्हणून टाकी भरली की शौचालयाचा कॉक बंद करा. जमिनीखालच्या टाकीच्या झाकणापर्यंत पुराचं पाणी आलं की ती गेली असं समजा.

धुणं-भांडी आणि शौचालयासाठी पावसाचं पाणी धरा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. दहा चौरस मीटरची ताडपत्री तिरकी बांधली तर वीस मिलिमीटरच्या सरीत दोनशे लिटरच्या जवळपास पाणी येतं. पहिली दहा मिनिटं वाहून जाऊ द्या, त्यात पक्ष्यांची घाण आणि धूळ असते.

पिण्याच्या पाण्याचा साठा संपला आणि विहिरीचं किंवा टँकरचं पाणी घ्यावं लागलं, तर क्रम असा: आधी गाळून घ्या, गढूळ असेल तर तुरटी फिरवून निवळू द्या, मग वरचं स्वच्छ पाणी काढून ते जंतुविरहित करा. तुरटी गाळ खाली बसवते, जंतू मारत नाही. इथे फार जणांची फसगत होते, कारण निवळलेलं पाणी दिसायला स्वच्छ असतं. गॅस असेल तर पाण्याला खळखळून उकळी आल्यावर आणखी दोन-तीन मिनिटं ते तसंच उकळू द्या. नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोर (क्लोरीनचं द्रावण) वापरा. प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं तेच घ्या, कारण प्रत्येकाची तीव्रता वेगळी असते. औषध घातल्यावर अर्धा तास थांबा. पाण्याला क्लोरीनचा अगदी हलका वास यायला हवा. वासच आला नाही तर औषध जुनं झालं आहे किंवा पाणी फार घाण आहे. ब्लीचिंग पावडर उघडी राहिली तर जोर हरवते, पत्र्याचा डबाही खाते. ती घट्ट प्लास्टिकच्या डब्यात, दरवर्षी नवी.

रसायनांच्या कारखान्यांजवळून किंवा डिझेल सांडलेल्या भागातून आलेलं पाणी यातल्या कुठल्याही उपायाने पिण्याजोगं होत नाही.

आग आणि उजेड

घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर भरलेला असला तरी पुराच्या पाण्यात तरंगतो. रेग्युलेटर ओढला जातो, नळी तुटते आणि गॅस सुटतो. म्हणून पाणी अंगणात यायच्या आत रेग्युलेटर काढून सुरक्षा टोपी लावा आणि सिलिंडर वर न्या. नेणं शक्य नसेल तर खिडकीच्या गजाला किंवा खांबाला उभाच बांधा, आडवा नको. वर स्वयंपाकासाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि एक बर्नर ठेवणं सोयीचं, तो एका हाताने जिना चढतो.

गॅस वाचवायला गोधडी वापरा. कुकरमध्ये खिचडी लावून एक शिट्टी काढा, शेगडी बंद करा आणि वाफ न सोडता अख्खा कुकर दोन गोधड्यांत गुंडाळून पाऊण तास ठेवा. आतल्या उष्णतेवर तांदूळ-मूग शिजून येतात. साध्या पातेल्यात करायचं तर पाच मिनिटं उकळी, घट्ट झाकण आणि गोधडीत दीड तास. यात इंधन निम्म्याच्या आसपास लागतं. एकदा कोरड्या दिवसांत करून पाहा. पाण्याचं प्रमाण नेहमीपेक्षा किंचित कमी लागतं, कारण वाफ बाहेर जात नाही.

बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नका. बाहेर पाऊस आणि गारवा असतो, दारं-खिडक्या लावलेल्या असतात, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. लाकूडफाटा असेल तर तो माळ्यावर आणि चूल पडवीत.

उजेडासाठी दोन बॅटऱ्या, त्यांना एकाच मापाचे सेल, आणि एक सौर कंदील. मेणबत्ती शेवटचा पर्याय, आणि गॅसचा वास येत असेल तर तोही नाही. वीस हजार एमएएचची पॉवर बँक नेहमीच्या फोनला तीनदाही पुरती भरत नाही, तेव्हा एका घरात एकच फोन चालू ठेवा. फोन लागत नसेल तर एसएमएस पाठवा. टॉवर दमलेला असतानाही तो बऱ्याचदा जातो. सेलवरचा लहान रेडिओ जरूर ठेवा. इन्व्हर्टरची बॅटरी जमिनीवर असेल तर मे महिन्यातच ती उंच घडवंचीवर घ्या.

औषधं, शौचालय आणि जनावरं

रोजची औषधं, विशेषतः रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड आणि फिट्सची, जून ते सप्टेंबर एक महिन्याची शिल्लक राहतील अशी घ्या. इन्सुलिनची वापरात असलेली कुपी बहुतेक प्रकारांत थंड जागी, शीतकपाटाबाहेर साधारण चार आठवडे चालते. आपल्या प्रकाराचं डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. ओल्या फडक्याने गुंडाळलेलं मडकं उन्हाळ्यात चांगला गारवा देतं, पावसाळ्याच्या दमट हवेत मात्र फारसा नाही. कुपी बर्फाला थेट टेकू देऊ नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

ओआरएसची लिटरची दहा पाकिटं ठेवा. संपली तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला अपाय होतो, मापात चूक नको. पॅरासिटामॉल, जंतुनाशक मलम, पट्ट्या, सॅनिटरी पॅड, आणि गमबूट. पायाला जखम असताना पुराच्या पाण्यात उतरलात तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून पाण्यात येणारा ताप) धोका असतो. पूर ओसरल्यावर आरोग्य सेवक प्रतिबंधक गोळ्या देतात, त्या त्यांच्या सांगण्याप्रमाणे घ्या, आणि ताप आला तर अंगावर काढू नका. अंगावरचं दूध पिणारं बाळ असेल तर ते तोडू नका. वरचं दूध द्यायचं झाल्यास वाटी-चमचा वापरा, पुरात बाटली उकळून स्वच्छ ठेवणं जमत नाही.

शौचालयाबद्दल कुणी आधी बोलत नाही. मैल्याची टाकी पाण्याखाली गेली की तळमजल्याच्या भांड्यातून घाण उलटी घरात येते. भांड्याच्या तोंडावर वाळूची पिशवी दाबून बसवा, न्हाणीघराच्या मोरीवरही. वरच्या मजल्यावर झाकणाची बादली, आत जाड पिशवी आणि प्रत्येक वेळी मूठभर राख किंवा लाकडाचा भुसा. राखेचा एक डबा यासाठीच भरून ठेवा.

गोठा असेल तर इशारा येताच गुरं उंचावर हलवा. मोठ्या जनावराला दिवसाला दहा-बारा किलो कडबा किंवा पेंढा धरा आणि तो उंच जागी ताडपत्रीखाली रचा. हलवणं जमलं नाही तर निदान दावी सोडा. मोकळं जनावर पोहून जगू शकतं, बांधलेलं बुडतंच.

कुठे ठेवायचं, आणि कधी सोडून निघायचं

वरचा मजला असेल तर तिथली एक कोपऱ्यातली जागा, नसेल तर पक्का माळा. मागच्या पुराची खूण भिंतीवर असेल तर तिच्याही वर पुरुषभर उंचीवर. पोटमाळ्यावर शंभर किलो वजन एका जागी देऊ नका, डबे भिंतीच्या कडेने पसरा. पाण्याचे कॅन पुराच्या रेघेच्या वरच, पण मजबूत जागी, बाकीचं माळ्यावर.

शेजारी एक निघायची पिशवी टांगलेली असावी, एका खांद्यावर पेलेल एवढीच. एक दिवसाचं कोरडं खाणं, दोन लिटर पाणी, औषधं, बॅटरी, शिटी, एक कपड्यांचा जोड. पाणी न शिरणाऱ्या पिशवीत आधार, रेशन कार्ड, सातबारा, पासबुक आणि विम्याचे कागद. रोख तीन-चार हजार रुपये, दहा ते शंभरच्या नोटांत. नेटवर्क नसताना यूपीआय चालत नाही आणि पाचशेची नोट मोडायला कुणाकडे सुट्टे नसतात.

घर मातीचं असेल, तळमजल्याचंच असेल किंवा दरडीखाली असेल, तर साठा कितीही चांगला असो, निघा म्हटलं की निघा. भरलेल्या डब्यांच्या मोहाने माणसं थांबतात आणि मग रात्री बोटीची वाट पाहत बसतात. निघताना मुख्य स्विच बंद, सिलिंडर बांधलेला, आणि जाताय कुठे ते शेजाऱ्याला सांगून. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, तातडीची मदत ११२, रुग्णवाहिका १०८. हे आकडे दाराच्या आतल्या बाजूला खडूने नव्हे, रंगाने लिहा.

पाणी ओसरल्यावर

पुराचं पाणी लागलेलं धान्य, पीठ, डाळ वाळवून खायचं नाही. वरून कोरडी दिसणारी गोणीही आतून भिजलेली असते. बुडालेल्या फिरकीच्या बुचाच्या बाटल्या, सीलबंद असल्या तरी टाका, बुचाच्या आट्यांत घाण बसते. पत्र्याचे न फुगलेले, न गंजलेले सीलबंद डबे तेवढे साबणाने आणि क्लोरीनच्या पाण्याने धुऊन वापरता येतात.

मात्र काहीही टाकण्याआधी फोटो काढा: भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेल्या गोण्या, भांडी, फ्रीज, गोठा. ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) पंचनाम्याला येईपर्यंत चिखल काढून घर स्वच्छ झालेलं असतं, आणि मग दाखवायला काही उरत नाही. फोटोत तारीख-वेळ दिसेल अशी सोय फोनमध्ये आधीच करून ठेवा.

पूर आलाच नाही तर अनंत चतुर्दशीनंतर साठा खायला काढा. आधी पोहे आणि सातू, मग पीठ, मग दूध पावडर. किनाऱ्यावरच्या घरांनी कोरड्या खाण्याचा डबा आणि ताडपत्री नोव्हेंबर संपेपर्यंत तशीच राहू द्यावी. रिकामे झालेले डबे धुऊन उन्हात उलटे घाला आणि झाकणांची रबरं तपासा. चिरलेलं रबर तेव्हाच बदललं नाही, तर मेमध्ये ते कुणाच्याही लक्षात येत नाही.